म्यूटेबल रेफरन्स की रेफसेल? रस्ट लिहिताना काय निवडावं

एखादी किंमत वाचणारे रेफरन्स (ती मेमरीत कुठे आहे ते दाखवणारे दुवे) कितीही असोत, पण बदलणारा असेल तर त्या वेळी तो एकटाच. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा हा नियम रेफसेल (फक्त वाचणारा रेफरन्स हाती असतानाही आतली किंमत बदलू देणारं वेष्टन) वापरल्याने सुटत नाही. साध्या म्यूटेबल, म्हणजे बदलू देणाऱ्या, रेफरन्ससाठी तो कंपायलर आधीच तपासतो, रेफसेलसाठी चालता प्रोग्राम.

नियम एका थ्रेडमध्येही, म्हणजे एका वेळी एकच काम चालू असतानाही, का लागतो? व्हेक्टरच्या (वाढू शकणाऱ्या यादीच्या) पहिल्या घटकाचा रेफरन्स धरून ठेवा आणि त्याच व्हेक्टरमध्ये नवा घटक ढकला. जागा अपुरी पडली तर सगळे घटक मेमरीत दुसरीकडे हलतात आणि हातातला रेफरन्स मोकळ्या केलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. सी++ मध्ये हा कोड कंपाइल होतो; रस्टमध्ये होत नाही. म्हणून माझा कौल आधी साध्या म्यूटेबल रेफरन्सला.

तो जाचक वाटतो हे खरं, पण डिसेंबर 2018 च्या 1.31 आवृत्तीपासून, 2018 एडिशनमध्ये, उसनवारी (रेफरन्स घेऊन किंमत वापरणं) महिरपी कंसांतल्या ब्लॉकच्या शेवटाऐवजी शेवटच्या वापरापाशी संपते. त्याआधीच्या कोडमधले जास्तीचे महिरपी कंस आज बहुतेकदा लागत नाहीत. स्ट्रक्टची (अनेक किमती एकत्र ठेवणाऱ्या रचनेची) दोन फील्ड्स एकाच वेळी वेगवेगळी उसनी घेता येतात. मात्र सेल्फ, म्हणजे तो स्ट्रक्टच, म्यूटेबल घेणारी मेथड बोलावली की अख्खा स्ट्रक्ट अडकतो. तिथे मेथडला फक्त लागणारी फील्ड्स द्या. स्लाइसचे (यादीच्या सलग तुकड्याचे) दोन भाग हवे असतील तर स्प्लिट-ॲट-म्यूट ही मेथड आहे.

रेफसेलची किंमत वेगात मोजू नका. उसनवारीचा एक छोटा आकडा सांभाळणं बहुधा स्वस्तच पडतं. खरी भीती पॅनिकची, म्हणजे चालता प्रोग्राम अचानक थांबण्याची. एक फंक्शन बदलण्यासाठी उसनवारी धरून कॉलबॅक (त्याला दिलेलं दुसरं फंक्शन) चालवतं, कॉलबॅक तोच सेल पुन्हा मागतो आणि प्रोग्राम पॅनिक होतो. ही वाट टेस्टमध्ये आलीच नाही तर चूक थेट वापरकर्त्यासमोर उघडी पडते. ट्राय-बॉरो-म्यूट वापरलं तर पॅनिकऐवजी एरर हाती येते, ती हाताळा. अनेक थ्रेडसाठी रेफसेल चालतच नाही, तिथे म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप).

तरी ट्रेटची (टाइपने कोणत्या मेथड पुरवायच्या ते ठरवणाऱ्या कराराची) मेथड शेअर्ड, म्हणजे फक्त वाचणारा, रेफरन्सच देते आणि आत कॅशे (आधी काढलेल्या उत्तरांचा साठा) भरायचा आहे, अशा वेळी मी रेफसेल निःसंकोच घेतो. ग्राफसाठी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोड्सच्या जाळ्यासाठी, मात्र घेत नाही. नोड्स व्हेक्टरमध्ये ठेवून एकमेकांचे इंडेक्स जपणं मला सोपं जातं. काढलेल्या नोडचा जुना इंडेक्स कंपायलर पकडत नाही, म्हणून नोड काढायचे असतील तर इंडेक्ससोबत पिढीचा आकडाही (त्या जागी आता नवा नोड आहे का ते सांगणारा) ठेवा.