केडीई प्लाझ्माचा कलर एडिटर: रंगांची पूर्ण मोकळीक, अक्षरांची काळजी मात्र आपणच घ्यायची

डेस्कटॉपच्या रंगांचं ज्यांचं नुसत्या लाईट आणि डार्कवर भागत नाही त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. पूर्ण प्लाझ्माबद्दल, म्हणजे केडीईच्या लिनक्सवरच्या अख्ख्या डेस्कटॉपबद्दल, नाही बोलत आहे, फक्त प्लाझ्मा ६ मधलं कलर्सचं पान आणि त्यातला स्कीम एडिटर, एवढंच. आधीच सांगून टाकतो, मला हे टूल मनापासून आवडतं, रंगांच्या बाबतीत एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याही मोठ्या डेस्कटॉपवर मला मिळालेली नाहीये. पण एक उणीव आहे आणि ती छोटी नाही: तुम्ही निवडलेल्या रंगांवर अक्षर नीट वाचता येईल की नाही हे तो एडिटर कुठेच सांगत नाही.

बाकी ठिकाणी काय मिळतं ते बघा म्हणजे फरक कळेल. विंडोजमध्ये पूर्वी हे सगळं होतं, ३.१ मध्ये तर हॉट डॉग स्टँड नावाची लालभडक-पिवळी स्कीम सोबतच यायची, आणि नंतरही क्लासिक दिसण्यात टायटलबार, मेनू, टूलटिप असा एकेकाचा रंग हाताने बदलता यायचा. विंडोज ८ आलं २०१२ मध्ये आणि तो डायलॉग गेला. आता विंडोज ११ मध्ये लाईट, डार्क आणि एक ॲक्सेंट कलर, म्हणजे बटणं वगैरे उठून दिसण्यासाठीचा एकच रंग, त्याहून खोल जायचं तर ॲक्सेसिबिलिटीमधल्या कॉन्ट्रास्ट थीम्स. मॅकवर २०१८ च्या मोहावीपासून डार्क मोड आणि ॲक्सेंट. लिनक्सचाच दुसरा डेस्कटॉप असलेल्या ग्नोमने सप्टेंबर २०२४ मध्ये ४७ व्या आवृत्तीत ॲक्सेंट दिला, तोही ९ ठरलेल्या रंगांतून निवडायचा. म्हणजे सगळीकडे "हा घ्या एक रंग, बाकीचं आम्ही ठरवलंय" असाच कारभार.

केडीईत तसं नाही. सिस्टिम सेटिंग्ज उघडा, कलर्स अँड थीम्स, त्यात कलर्स. तिथे ब्रीझ लाईट, ब्रीझ डार्क, ब्रीझ क्लासिक (ब्रीझ ही केडीईची मूळ थीम) अशा तयार स्कीम असतात आणि प्रत्येकीवर माऊस नेला की पेन्सिलचं चिन्ह दिसतं, ते दाबलं की एडिटर. आणि इथेच या टूलची खरी ताकद आहे कारण रंग वस्तूंना नाही तर कामांना दिलेले आहेत. विंडो म्हणजे खिडकीचा मूळ पृष्ठभाग, व्ह्यू म्हणजे जिथे याद्या आणि मजकूर दिसतो तो भाग, मग बटण, सिलेक्शन, टूलटिप, हेडर, कॉम्प्लिमेंटरी असे वेगवेगळे सेट, आणि प्रत्येक सेटमध्ये बॅकग्राउंड, एकाआड एक ओळीचा बॅकग्राउंड, साधं अक्षर, फिकं अक्षर, लिंक, बघून झालेली लिंक, चूक झाली की दिसणारा रंग, इशाऱ्याचा रंग, सगळं ठीक असल्याचा रंग, फोकसची आणि होव्हरची, म्हणजे माऊस वर नेल्यावर दिसणारी, रेघ. पहिल्यांदा बघणारा हबकतो हे खरं आहे. त्यासाठी कॉमन कलर्स म्हणून एक छोटी यादी दिलीये, सुरुवात तिथूनच करा, नव्वद टक्के लोकांचं काम तेवढ्यात होतं.

मी स्वतः डार्क थीमवाला नाही. मला दिवसभर वाचायला कागदासारखा किंचित पिवळट पांढरा लागतो, म्हणून ब्रीझ लाईटवरून वेगळ्या नावाने कॉपी सेव्ह केली आणि व्ह्यूचा बॅकग्राउंड २५०, २४६, २३८ (लाल, हिरवा, निळा यांचं ० ते २५५ मधलं प्रमाण) ठेवला, विंडोचा त्याहून एक पायरी गडद २३८, २३२, २२०, आणि अक्षर शुद्ध काळं न ठेवता ४५, ४०, ३५ असा तपकिरीकडे झुकणारा काळा. अप्लाय केलं की उघडी असलेली केडीईची सगळी ॲप्स त्याच क्षणी रंग बदलतात, लॉगआउट नाही, रिस्टार्ट नाही, काही नाही. फाईल मॅनेजर, टेक्स्ट एडिटर, पॅनल, सगळं एकदम. आयकॉनसुद्धा, कारण ब्रीझचे छोटे एकरंगी आयकॉन अक्षराचाच रंग उचलतात. हे बघताना दर वेळी मस्त वाटतं.

आता उणिवेकडे येतो. वेबसाठी जे ॲक्सेसिबिलिटीचे नियम आहेत त्यात साध्या आकाराच्या अक्षराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षराला ३ ला १. डेस्कटॉपला तो नियम लागू नसला तरी डोळे तेच आहेत. माझ्या वरच्या जोडीचा कॉन्ट्रास्ट १३ च्या वर जातो, काही प्रश्न नाही. पण सिलेक्शनकडे बघा. ब्रीझचा प्रसिद्ध निळा म्हणजे ६१, १७४, २३३, आणि निवडलेल्या ओळीत त्याच्यावर पांढरं अक्षर, हा डिफॉल्ट आहे. गणित केलं तर कॉन्ट्रास्ट निघतो साधारण अडीच. तोच निळा ठेवून अक्षर ३५, ३८, ४१ चं गडद केलं तर आकडा ६ च्या पुढे जातो. एवढा फरक! निळा अजिबात न बदलता! मी सिलेक्शनला २०, ९५, १०० चा गडद हिरवट निळा दिला आणि वर पांढरं अक्षर ठेवलं, तो ७ च्या वर बसतो आणि यादीतली निवडलेली ओळ लांबूनही वाचता येते.

आणि इथे एक आतली गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सिलेक्शन सेटला स्वतःची लिंक, स्वतःचं फिकं अक्षर, स्वतःचा चूक दाखवणारा लाल असे सगळे रंग आहेत. तुम्ही नुसता बॅकग्राउंड बदलला तर हे जुनेच राहतात, मग साधी ओळ छान दिसते पण निवडलेल्या ओळीतला दुय्यम मजकूर किंवा लिंक त्या नव्या रंगात बुडून जाते. कॉमन कलर्सच्या यादीत यातलं सगळं दिसत नाही, त्यामुळे वरच्या ड्रॉपडाऊनमधून सिलेक्शन सेट वेगळा उघडून एक-एक रंग तपासायलाच हवा.

एडिटरच्या ऑप्शन्समध्ये कॉन्ट्रास्ट नावाचा एक स्लायडर आहे, त्याच्या नावावर जाऊ नका, तो अक्षरांसाठी नाही, चौकटी आणि सावल्यांच्या छटा किती ठळक हव्यात त्यासाठी आहे. अक्षरांचा आकडा बघायला केडीईचंच कॉन्ट्रास्ट नावाचं, पण स्पेलिंग K ने सुरू होणारं (Kontrast) वेगळं छोटं ॲप आहे, दोन रंग टाका, गुणोत्तर समोर. चांगलं ॲप आहे, मी एडिटरच्या शेजारी उघडं ठेवूनच काम करतो. एवढंच वाटतं की हाच आकडा एडिटरमध्ये असता तर.

अजून एक, रंग निवडताना नाईट लाईट बंद ठेवा. ते स्क्रीनवरचा निळा कमी करतं, त्यामुळे संध्याकाळी बसून निवडलेला सुंदर क्रीम कलर सकाळी पांढराफटक दिसतो.

डार्कवाल्यांसाठी दोन शब्द. पूर्ण ०, ०, ० काळा ओएलईडी स्क्रीनवर वीज वाचवतो कारण तिथे काळा पिक्सेल पेटतच नाही, एलसीडीवर मात्र मागचा दिवा चालूच असतो त्यामुळे तो फायदा नाही. आणि ज्यांच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरल्यासारखं दिसतं, त्यांनी ब्रीझ डार्कसारखा गडद राखाडी घ्यावा, पूर्ण काळ्याच्या मागे लागू नये.

लाल-हिरव्याचंही बघा. ठीक असल्याचा हिरवा ३९, १७४, ९६ आणि चूक दाखवणारा लाल २१८, ६८, ८३ असे ब्रीझचे आहेत, पण लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणारे लोक पुरुषांमध्ये ८ टक्क्यांपर्यंत असतात. तुमच्या घरात किंवा टीममध्ये कुणी असेल तर हिरव्याच्या जागी निळा टाका, दोन मिनिटांचं काम आहे आणि दुसऱ्या कुठल्या डेस्कटॉपवर हे इतकं सहज होत नाही.

ज्यांना एवढं खोलात शिरायचं नाही त्यांच्यासाठी ॲक्सेंट कलर आहे, २०२१ च्या प्लाझ्मा ५.२३ मध्ये आला, आणि जून २०२२ च्या ५.२५ पासून तो वॉलपेपरवरून आपोआप घेता येतो, शिवाय त्या रंगाची हलकी झाक सगळ्या स्कीमवर चढवता येते. झाक चढवणं मला खूप आवडलं, कमी कष्टात डेस्कटॉप आपला वाटायला लागतो. वॉलपेपरवरून रंग घेणं मात्र मी बंद केलं, वॉलपेपर बदलत राहणार असेल तर बटणाचा रंग रोज वेगळा, आणि सवयीने रंग शोधणाऱ्या डोळ्यांना ते त्रासाचंच.

केडीईबाहेरच्या ॲप्सचं काय? जीटीके या ॲप बनवायच्या टूलकिटवरची जुनी ॲप्स रंग बऱ्यापैकी उचलतात. ग्नोमच्या लिबअद्वैता या नव्या लायब्ररीवर बनलेली ॲप्स लाईट-डार्क ऐकतात पण तुमचा क्रीम बॅकग्राउंड घेत नाहीत, ती आपल्याच पांढऱ्यात राहतात. टर्मिनलची, म्हणजे कॉन्सोलची, कलर स्कीम पूर्ण वेगळी असते, ती तिथेच जाऊन जुळवायची. यात एडिटरचा दोष नाही, पण सगळं एकसारखं दिसेल या आशेने बसाल तर निराश व्हाल.

तयार स्कीम हव्या असतील तर त्याच पानावरून डाऊनलोड होतात. इथे एक फरक नक्की समजून घ्या. कलर स्कीम म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, आत नुसती नावं आणि आकडे, ती काही चालवू शकत नाही. ग्लोबल थीम, म्हणजे रंग, आयकॉन, मांडणी सगळं एकदम बदलणारी थीम, मात्र कोड चालवू शकते, आणि मार्च २०२४ मध्ये अशाच एका ग्लोबल थीममुळे एका वापरकर्त्याच्या फाईल्स उडाल्या होत्या, त्यानंतर केडीईने लोकांना सावध केलं. म्हणून रंग आवडले असतील तर फक्त रंगांची स्कीम घ्या, अख्खी थीम नको. आणि घेतलेली स्कीम जुनी असेल तर एकदा एडिटरमध्ये उघडून बघा, हेडरचा सेट नंतर आलेला आहे त्यामुळे जुन्या फाईलमध्ये तो नसतो आणि वरची पट्टी तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी दिसू शकते.

फाईल साधी असल्याचा अजून एक फायदा, तुमची स्कीम होम फोल्डरमधल्या लपलेल्या .लोकल मध्ये, शेअरच्या आत कलर-स्कीम्स फोल्डरमध्ये असते. ती उचला, दुसऱ्या मशीनवर त्याच जागी टाका, तिथल्या यादीत नाव दिसायला लागतं. मी माझी अशीच दोन्हीकडे वापरतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. प्रत्येक रंगाच्या बटणाशेजारी कॉन्ट्रास्टचा आकडा आणि तो ४.५ च्या खाली गेला की एक छोटीशी खूण, एवढं दिलंत तर पाचवा तारा त्याच दिवशी देतो.