रिपब्लिकन राजकारण: ऐकावं की वाचावं?

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, मतदार म्हणून नाव नोंदवलं, मनाचा कल कॉन्झर्वेटिव्ह, म्हणजे उजव्या बाजूला आहे. आता रिपब्लिकन पक्षाच्या निवडणुका, त्याचे उमेदवार आणि ट्रम्प यांच्यानंतरचं पक्षाचं भवितव्य नीट समजून घ्यायचं, तर दिवसातला मोकळा तास कुठे द्यावा? टॉक रेडिओ आणि पॉडकास्टला, की मासिकं आणि स्तंभांना? दोन्ही करू म्हणणाऱ्यांचं शेवटी एकच टिकतं, असं मी पाहिलं आहे. मी दोन्हीकडे बरीच वर्षं घालवली आणि हळूहळू एका बाजूला सरकलो. तुमची गरज वेगळी असेल तर तुमची निवडही वेगळी असू शकेल.

आधी रेडिओबद्दल, कारण वाचणारी मंडळी त्याला फार घाईने नावं ठेवतात. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, हे प्रसारकांवरचं बंधन १९८७ साली निघालं. पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. रोज दुपारी तीन तास एक माणूस बोलतो आहे आणि मधूनमधून श्रोत्यांचे फोन घेतो आहे, एवढंच त्याचं रूप होतं. पण १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ५४ जागा वाढवून ४० वर्षांनी हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात, बहुमत मिळवलं, तेव्हा नव्याने निवडून आलेल्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचं मानद सदस्यत्व दिलं. कुठल्याही संपादकाच्या वाट्याला असा मान आला नव्हता.

रेडिओचं खरं मोल त्या फोन करणाऱ्यांत आहे. आपण मराठी माणसं इथे बहुतेक सॉफ्टवेअर, औषधं, विद्यापीठं, रुग्णालयं यांच्या परिघात राहतो. रिपब्लिकन पक्षाला एकगठ्ठा मत देणारा ट्रकचालक, शेतकरी, चर्चमध्ये शिकवणारी बाई, निवृत्त पोलीस यांच्याशी आपला संबंध फारसा येत नाही. ऑफिसला जाता-येता गाडीत मी जे ऐकलं, त्यातून ही माणसं कशावर चिडतात आणि कशावर हळवी होतात ते मला कळलं. हे शिक्षण मला मासिकांत मिळालं नाही.

या बाबतीत रेडिओ अनेकदा बरोबरही ठरला आहे. २०१२ मध्ये पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी हरले आणि मार्च २०१३ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने पराभवाची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. लॅटिनो मतदार हवे असतील तर पक्षाने सर्वंकष इमिग्रेशन सुधारणेला पाठिंबा द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लिहिणाऱ्या वर्तुळातल्या बऱ्याच जणांना ते पटलं. फोन करणाऱ्यांना अजिबात पटलं नाही. जून २०१४ मध्ये हाउसमधले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. मुद्दा प्रामुख्याने इमिग्रेशनचा होता. रेडिओवरच्या काही नामवंतांनी ब्रॅट यांना उघड पाठिंबा दिला होता. वॉशिंग्टनमधली लिहिणारी मंडळी मात्र निकालाने अवाक झाली. त्यानंतर ट्रम्प आले. 'नॅशनल रिव्ह्यू' या कॉन्झर्वेटिव्ह मासिकाने जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्या विरोधात अख्खा अंक काढला आणि त्याच वर्षी ते ३०४ इलेक्टोरल मतं घेऊन अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये तर ३१२ मतं मिळाली आणि लॅटिनो मतदारांमधला त्यांचा वाटाही चांगलाच वाढला. म्हणजे २०१३ च्या अहवालाचं गणित जवळजवळ उलटं निघालं.

पक्षाच्या मतदाराचं मन ओळखायचं असेल तर रेडिओ पुढे आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. आणि तरीही माझा तास मी वाचण्याला देतो.

कारण असं की प्रायमरीत मला मतदारांच्या मूडला मत द्यायचं नसतं, एका उमेदवाराला द्यायचं असतं. उमेदवार पारखण्याच्या बाबतीत या दोन परंपरांचे नियमच वेगळे आहेत. 'नॅशनल रिव्ह्यू' १९५५ मध्ये सुरू करणारे विल्यम बकली यांचा नियम प्रसिद्ध आहे: जिंकू शकेल अशांपैकी जो सर्वांत उजवा, त्याच्या पाठीशी उभं राहा. लिंबॉ यांनी २०१० मध्ये हा नियम उघडपणे नाकारला. लोक संतापलेले असतात अशा वर्षी प्रायमरीत सर्वांत कॉन्झर्वेटिव्ह माणसालाच मत द्या, जिंकण्याचं गणित करत बसू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वर्षी डेलावेअरमध्ये माइक कॅसल हे माजी गव्हर्नर, राज्यभर वारंवार निवडून आलेले, सिनेटसाठी उभे होते. प्रायमरीत क्रिस्टीन ओडॉनेल यांनी त्यांना हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये त्या डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांच्याकडून सुमारे १७ टक्क्यांच्या फरकाने हरल्या. कून्स आजही सिनेटमध्ये आहेत. लिंबॉ यांच्या नियमातली तळमळ मला कळते. कॅसल यांचं मतदान बऱ्याच बाबतींत उजव्या लोकांना रुचणारं नव्हतं. पण वर्षानुवर्षं हातातून गेलेली सिनेटची जागा म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुकांवरचं एक मत गेलं, आणि कॉन्झर्वेटिव्ह माणसासाठी ही फार मोठी किंमत आहे.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथली प्रायमरी बंद असते, म्हणजे रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्यांनाच रिपब्लिकन उमेदवार निवडता येतो. २०२२ च्या मे महिन्यात सिनेटसाठी डॉ. मेहमेट ऑझ, डेव्हिड मॅक्कॉर्मिक आणि कॅथी बार्नेट असा सामना होता. ऑझ यांना ट्रम्प यांचा पाठिंबा होता. त्या आठवड्यांत गाडीत जे ऐकलं, ते सगळं कोण खरा ट्रम्पवादी आणि कोण नकली याभोवती फिरत होतं. जे वाचलं, त्यात ऑझ राज्यात नुकतेच राहायला आलेत हा मुद्दा नोव्हेंबरमध्ये किती महाग पडेल, मॅक्कॉर्मिक यांच्या हेज फंडाचे चीनशी असलेले संबंध किती अडचणीचे ठरतील, बार्नेट यांची जुनी विधानं काय होती, असं तिघांचंही उणंअधिक होतं. मी मॅक्कॉर्मिक यांना मत दिलं. ऑझ यांनी फेरमोजणीपर्यंत गेलेली ती प्रायमरी हजाराहून कमी मतांनी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये जॉन फेटरमन यांच्याकडून सुमारे पाच टक्क्यांनी हरले. गव्हर्नरपदाचे उमेदवार डग मास्ट्रियानो तर जॉश शपिरो यांच्यापुढे जवळजवळ १५ टक्क्यांनी पडले. मॅक्कॉर्मिक २०२४ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि बॉब केसी यांच्यासारख्या मुरलेल्या सिनेटरला निसटतं का होईना, हरवून आले.

आता ज्या एका गोष्टीने माझं मन कायमचं वळवलं, तिच्याकडे येतो. बोललेलं सापडत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी नियमाने ऐकत असे तो एक कार्यक्रम रोज लाल लाटेची, म्हणजे रिपब्लिकन लाटेची खात्री देत होता. पेनसिल्व्हेनिया येणार, जॉर्जिया येणार, सिनेटमध्ये तीन-चार जागा सहज वाढणार. प्रत्यक्षात हाउसमध्ये कसंबसं २२२ जागांचं बहुमत मिळालं आणि सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचीच एक जागा वाढली. निकालानंतरच्या बुधवारी मी मुद्दाम लवकर निघालो. आता हे गृहस्थ आपलं काय चुकलं ते सांगतील, उमेदवारांबद्दल बोलतील, अशी माझी खरोखर अपेक्षा होती. पहिल्या तासात पक्षनेतृत्वाने पैसा कुठे अडवला ते झालं, दुसऱ्यात टपाली मतपत्रिका, आणि गुरुवारी विषयच बदलला. ऑक्टोबरमधला एकही अंदाज पुन्हा निघाला नाही. त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही.

माझ्यासोबत काम करणारा एक मित्र तोच कार्यक्रम ऐकतो. जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, अरे, ऑझ पाच टक्क्यांनी जिंकणार असं हे म्हणाले होते. तो म्हणाला, छे, जिंकू शकतात असं म्हणाले होते. आम्ही दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होतो. पण दाखवायचं काय? तीन तासांचा कार्यक्रम, आठवड्याचे पाच दिवस, त्यातलं ते वाक्य कुठल्या दिवशी, कितव्या मिनिटाला होतं, हे शोधणार कोण? वाद तिथेच लोंबकळत राहिला. मला त्या दिवशी वाटलं की ज्या माणसाचं कालचं बोलणं मी आज त्याच्यापुढे ठेवू शकत नाही, त्याच्या सल्ल्याने मी पक्षाचा उमेदवार निवडू नये.

लिहिणाऱ्याची ही सोय नसते. जानेवारी २०१६ चा तो ट्रम्पविरोधी अंक आजही 'नॅशनल रिव्ह्यू'च्या तोंडावर फेकला जातो. त्यात लिहिणाऱ्यांपैकी काहींनी पुढे मत बदललं आणि ट्रम्प यांना पाठिंबा दिला. काहींनी बदललं नाही. दोन्ही गटांचं तेव्हाचं आणि आत्ताचं म्हणणं शेजारी ठेवून वाचता येतं. कोणी कारणं देऊन बदललं, कोणी वारं पाहून बदललं, हे वाचणाऱ्याला पंधरा मिनिटांत कळतं. त्याच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, रेडिओवर पैशाची आणि टपालाची चर्चा चालू असताना, मी जॉर्जियाबद्दल वाचत होतो: एकाच दिवशी, एकाच राज्यात, त्याच मतदारांपुढे रिपब्लिकन ब्रायन केम्प गव्हर्नर म्हणून आरामात जिंकले आणि पक्षाचे सिनेटचे उमेदवार हर्शल वॉकर यांना केम्प यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मतं कमी पडली. डिसेंबरच्या फेरलढतीत वॉकर हरलेच. पैसा आणि टपाल दोघांनाही सारखंच लागू होतं. फरक उमेदवाराचा होता. ही दोन आकड्यांची तुलना मला कोणी ऐकवली नाही. कोणीतरी बसून लिहिली म्हणून मला मिळाली.

आणखी एक जुनी गोष्ट. १९६२ मध्ये बकली यांनी जॉन बर्च सोसायटी या कडव्या कम्युनिस्टविरोधी संघटनेचे प्रमुख रॉबर्ट वेल्च यांच्यावर उघड टीका केली. रिपब्लिकन माजी अध्यक्ष आयसेनहॉवर हे कम्युनिस्टांचे हस्तक आहेत, असं मानणारे हे गृहस्थ. बर्च सोसायटीचे बरेच सभासद बकली यांच्याच मासिकाचे वर्गणीदार होते, आणि टीका छापल्यावर काहींनी वर्गणी बंद केलीही. तरी छापलं. आपल्याच श्रोत्याला न आवडणारं बोलणं रेडिओवर फार कठीण, कारण तो दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायला हवा असतो. मासिकालाही वर्गणीदार लागतातच, तेही दबावाबाहेर नाही. पण वर्षाची वर्गणी भरलेला माणूस एका लेखाने निघून जात नाही, आणि तेवढी उसंत संपादकाला मिळते, असं माझं निरीक्षण आहे.

वाचण्याचे तोटे आहेतच. लिहिणारं वर्तुळ लहान आहे, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या बाहेरचं त्याला उशिरा दिसतं, आणि आपसातल्या रुसव्याफुगव्यांत त्याचा बराच कागद खर्च होतो. 'वीकली स्टँडर्ड' १९९५ मध्ये निघालं आणि डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडलं. ट्रम्प यांच्याशी त्याचं कधी जमलंच नाही. एकच मासिक घेतलंत तर पक्षाचा एकच तुकडा दिसेल. म्हणून मी 'नॅशनल रिव्ह्यू'च्या जोडीला 'द अमेरिकन कॉन्झर्वेटिव्ह' वाचतो. ते २००२ मध्ये पॅट ब्युकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं आणि इराक युद्धाला उजव्या बाजूनेच विरोध केला. व्यापार, युद्ध, इमिग्रेशन यांवर या दोघांचं पटत नाही, आणि पक्षाच्या पुढच्या वाटचालीचं भांडण नेमकं तेच आहे.

तुम्ही फक्त नोव्हेंबरमध्ये मत देणार असाल आणि कोणाला द्यायचं ते ठरलेलंच असेल, तर रेडिओ ऐका. तो जिवंत आहे, सोबत करतो, आणि या देशातल्या अशा माणसांशी ओळख करून देतो जी एरवी भेटणार नाहीत. सकाळच्या गाडीत श्रोत्यांचे फोन असतात तेवढा भाग मी अजूनही लावतो. प्रायमरीत मत देणार असाल, विशेषतः सिनेट किंवा गव्हर्नरपदाच्या, तर मी वाचायला सांगेन.

२०२८ साठी तर जास्तच. घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीमुळे ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाहीत, आणि उभा राहणारा प्रत्येक जण आपणच वारस असल्याचं सांगेल. त्यांतल्या प्रत्येकाने २०१६ मध्ये काय म्हटलं होतं, ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरील हल्ल्यानंतर काय म्हटलं, आयातशुल्कावर, युक्रेनवर, गर्भपाताच्या कायद्यावर केव्हा काय भूमिका घेतली, हे समोर ठेवूनच निवड करावी लागेल. मी आत्तापासून कात्रणं ठेवायला लागलो आहे. तुम्हीही पेनसिल्व्हेनियात असाल, तर रिपब्लिकन म्हणून नोंदणी प्रायमरीच्या किमान पंधरा दिवस आधी झालेली असावी लागते. ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.