मास्टर सिलिंडर 'बदलला', ब्रेक तेच

पुढचे ब्रेक पॅड नवे टाकले आणि गाडी आधीपेक्षा वाईट थांबायला लागली. सिग्नलला ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं कडक, गाडी मात्र निवांत पुढे सरकतेय. पुढच्या गाडीच्या बंपरपासून वीतभरावर थांबलो.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो." हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच मी फसलो. पॅड आणि डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती, जिला पॅड दाबून धरतात) एकमेकांवर बसावे लागतातच. मोकळ्या रस्त्यावर ताशी 50-60 किमीवरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, अधेमधे डिस्क थंड होऊ द्यायची. मी केलं. फरक काहीच नाही, उलट ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली.

परत गेलो. त्याने बॉनेट उघडलं, पेडल दोनदा दाबून पाहिलं आणि मान हलवली. "मास्टर सिलिंडर गेलाय." म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा तो भाग काळाभोर चकचकत होता. चकचकीत दिसला म्हणून मी नवा समजलो. दोन दिवस बरं वाटलं (पैसे मोजले की दोन दिवस सगळंच बरं वाटतं), तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता त्याचं म्हणणं, बूस्टर (इंजिन चालू असताना पायाचा जोर वाढवणारा भाग) टाकू.

इथे मी हात आखडता घेतला आणि गाडी दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी इंजिन बंद ठेवून मला पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावलं, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायला सांगितलं. पेडल किंचित खाली गेलं. "बूस्टर ठणठणीत आहे." मग म्हणाला, "आता नुसतं दाबून धरा." धरलं. पेडल जागचं हललं नाही. मास्टर सिलिंडर आतून गळत असता तर पाय हळूहळू खाली बसत गेला असता. म्हणजे तो मुळात बिघडलेलाच नव्हता. या दोन्ही गोष्टी कुणालाही गाडीत बसल्या बसल्या करून बघता येतात, जेमतेम दोन मिनिटांचं काम.

मग उजवं चाक उतरवलं. कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्याठाक, गंजून जाम. पॅड बदलताना त्या साफ करून ग्रीस लावणं हे अगदी साधं काम, तेच केलेलं नव्हतं. पिस्टन आतला पॅड दाबत होता, पण कॅलिपर सरकतच नसल्याने बाहेरचा पॅड डिस्कला धड टेकत नव्हता. आतला पॅड तापून आरशासारखा गुळगुळीत झालेला, बाहेरच्यावर जेमतेम ओरखडा. उजवीकडचं चाक असं अर्धवट धरत होतं, म्हणून गाडी डावीकडे जायची.

मी मास्टर सिलिंडरचं सांगितल्यावर तो बॉनेटखाली वाकला. टॉर्च मारून पाइपाचे नट दाखवले. त्यांच्या कडेला धूळ आणि तेलाचा जुना थर जसाच्या तसा. पाना लागला असता तर तो थर तुटला असता. वर नुसता रंगाचा फवारा. टाकीचं झाकण उघडलं तर आत ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. मास्टर सिलिंडर बदलला की नवीन ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढावी लागते. ती जिथून काढतात त्या आमच्या चाकांवरच्या निपलची रबरी टोपणं वाळलेल्या चिखलानं माखलेली होती. "यांना कुणी हातच लावलेला नाही," तो म्हणाला आणि जरा हसला. मला हसू येईना.

पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड पुन्हा नवे टाकले, ऑइल बदललं. गाडी जागच्या जागी थांबायला लागली.

पहिल्याकडे जाऊन जुना मास्टर सिलिंडर मागितला. "भंगारात गेला." बिल पुढे केलं. त्यावर पार्टचं नाव नाही, नंबर नाही, नुसतं लिहिलेलं, 'ब्रेकचं काम'. तेव्हा मी ते न वाचताच खिशात घातलं होतं.