राजदूत ३५० चं टायमिंग आणि डायल गेज: दिवाळी ते पावसाळा

आधी निकाल सांगतो. राजदूत ३५० नुसती पुसून झाकून ठेवायची नसेल, रोज नाही तरी आठवड्याला रस्त्यावर काढायची असेल, तर प्लगच्या भोकात बसणारं डायल गेज घ्याच. पिस्टन किती मि.मी. वर-खाली झाला ते काट्यावर दाखवणारं हे यंत्र, त्यावरून टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते, लावता येतं. मी गेल्या दिवाळीत घेतलं, दोन हजारांच्या आत मिळालं. सोलापूरचा अख्खा उन्हाळा त्याच्यावर काढला आणि आता पाऊस लागल्यावर हे लिहितोय.

गाडीची तक्रार अशी होती. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू, सात रस्त्यापर्यंत मस्त. तापली की उजवं सिलेंडर मिसिंग करायचं आणि तुळजापूरच्या घाटात गिअर टाकून थ्रॉटल उघडला की टकटक आवाज. मिस्त्रींनी कानाने टायमिंग लावून दिलं की काही दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. मिस्त्रींचा कान तयार आहे, त्याबद्दल शंका नाही. पण या गाडीला दोन सिलेंडर, दोन पॉइंट (कॉइलचा करंट तोडून स्पार्क पाडणारे स्विच), दोन कन्डेन्सर, दोन कॉइल. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून ती आणली, तेव्हापासून हा व्याप तिच्याबरोबर आहे. एक बाजू बरोबर आणि दुसरी मागे असेल तर कानाला फक्त ‘गाडी जड आहे’ एवढंच कळतं.

शिवाय जुन्या पॉइंटवाल्या बुलेटसारखं, वेग वाढला की स्पार्क आपोआप लवकर पाडणारं वजनं आणि स्प्रिंगचं ऑटो ॲडव्हान्स इथे नाही. बंद इंजिनवर जे टायमिंग लावाल, तेच आयडलला आणि तेच सहा हजार आरपीएमला. म्हणून स्थिर मोजमापाला एवढी किंमत आहे. स्पार्क पिस्टन वर पोचण्याआधी सुमारे २ मि.मी. असताना पडायला हवा. ५४ मि.मी.च्या स्ट्रोकला ते क्रँकच्या फिरण्याचे साधारण २० अंश होतात, म्हणजे ०.१ मि.मी. इकडेतिकडे झालं की अर्धा अंश गेला. हा फरक प्लगच्या भोकात सायकलचा स्पोक घालून त्यावर खूण करून कसा पकडणार?

वापरायची पद्धत सोपी आहे, क्रम मात्र सोडायचा नाही. दोन्ही प्लग काढा. आधी पॉइंटचा गॅप: पॉइंट पूर्ण उघडलेले असताना ०.३ ते ०.४ मि.मी., मी ०.३५ ठेवतो. गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, म्हणून टायमिंग आधी लावून नंतर गॅपला हात लावणं म्हणजे सगळं पुन्हा करणं. मग गेज बसवून काटा जिथे उलटा फिरतो, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो, तिथे शून्य करायचा. क्रँक मागे चारेक मि.मी. नेऊन इंजिन फिरतं त्याच दिशेने हळू पुढे आणायचा. पॉइंटच्या तारेवर आणि बॉडीवर १२ व्होल्टचा छोटा बल्ब, चावी चालू. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, त्या क्षणी गेजवर किती ते वाचायचं. मल्टीमीटरचा बझर इथे फसवतो, कॉइलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्सच जेमतेम काही ओमचा असतो. आणि चावी उगाच चालू ठेवू नका, पॉइंट बंद असताना कॉइल तापत राहते.

हे झालं एकदाचं टायमिंग. गेजची खरी कमाई मला पुढच्या महिन्यांत दिसली, कारण प्रत्येक वेळी आकडे वहीत लिहीत गेलो. डावी बाजू २.० वरून हळूहळू १.७ पर्यंत उतरली. हे उतरणं एकाच दिशेचं होतं. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबर झिजत होता, गॅप कमी होत होता, स्पार्क उशिरा पडत होता. कॅमला तेल देणारा फेल्ट पार कोरडा निघाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात होटगी रोडची धूळ. फेल्ट कोरडा पडणारच. थोडं तेल दिल्यापासून डाव्या बाजूचा आकडा जवळपास हललेला नाही.

उजवी बाजू मात्र वेगळंच सांगत होती. एका फेरीला २.१, पुढच्याला १.८, मग पुन्हा २.०. आकडा उतरत नव्हता, उड्या मारत होता. झीज अशी उड्या मारत नाही, काहीतरी ढिलं असतं. कॅम क्रँकच्या टोकाला असल्यामुळे पहिला संशय मेन बेअरिंगवर जातो, आणि तो खर्च ऐकून पोटात गोळा येतो. क्रँकचं टोक हाताने वर-खाली दाबून पाहिलं, खेळ जाणवला नाही. मग पॉइंटची हलती पाती पिनवर हलवली तर ती आडवी डुलत होती. पॉइंटचा सेट आणि कन्डेन्सर बदलले, आकडा जागेवर बसला. मिस्त्रींना वही दाखवली, त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली. म्हणाले, “इंजिन खोलायचं वाचलं बघा तुमचं.” मेच्या उन्हात भर दुपारी तुळजापूर केलं. घाटात टकटक नाही, मिसिंग नाही. परत आल्यावर प्लग काढले तर दोन्हींचा रंग सारखाच, विटकरी-तपकिरी.

गेजमध्ये खटकलेल्या गोष्टीही आहेत. अडॅप्टरचा लॉक स्क्रू मऊ आहे, जोरात आवळला की डोकं खराब होतं. त्याहून गंभीर म्हणजे लांबीसाठी जोडायचा दांडा आपोआप सैल होतो. तो सिलेंडरमध्ये पडला तर हेड उतरवावं लागेल. प्रत्येक वेळी बसवण्याआधी तो बोटांनी आवळून घ्या.

‘पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवा’ असं बरेच जण सांगतात. जरूर बसवा, चांगलं चालतं. पण त्याचंही टायमिंग पहिल्यांदा लावायला हेच गेज लागेल. आणि बॅटरी कमजोर असेल तर दोन्हींचा स्पार्क कमजोरच. गावात हेडलाइट लावून रांगत चालवलं की ही गाडी नीट चार्ज करत नाही, तेव्हा टायमिंगला हात लावण्याआधी व्होल्टेज तपासा.

बुलेटवाल्यांनी मात्र हे घेऊ नये. तिचा प्लग तिरका असतो, त्यामुळे गेजवरचे मिलिमीटर म्हणजे पिस्टनचे मिलिमीटर नव्हेत. त्यांच्यासाठी क्रँकवर लावायची अंशांची तबकडीच बरी.