दिवसभराच्या भटकंतीसाठी 16 लिटरची कूलर बॅग : उन्हाळाभर वापरून झाल्यावर

सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, अशा सहलींसाठी कूलर बॅग घ्यावी का? घ्यावी, आणि मऊ कापडी घ्यावी. प्लॅस्टिकची टणक पेटी थंडावा जास्त वेळ टिकवते हे खरं, पण ती जरा लांब उचलून न्यायची तर हात भरून येतो, आणि रिकामी झाली तरी जागा तेवढीच अडवते. मऊ बॅग बसमध्ये मांडीवर घेता येते, तळ्याच्या काठापर्यंत खांद्याला लावून नेता येते आणि घरी आल्यावर घडी करून कपाटावर टाकता येते. जवळच फिरायला जायचं तर सामान असं हवं की ते बघून निघायचा उत्साह मावळू नये.

आमच्या घरी ही बॅग आली ती आईमुळे. तिला मधुमेह आहे आणि दुपारचं इन्सुलिन चुकवून चालत नाही. उन्हाळ्यात इन्सुलिन बाहेर न्यायची धास्ती वाटायची, म्हणून आमचं फिरणं ऊन चढायच्या आत घरी परतायच्या बेताचं असायचं. यंदा आई आमच्याबरोबर अख्खे दिवस बाहेर राहिली. नदीकाठी झाडाखाली चादर अंथरून आडवी झाली, नातवंडांशी पत्ते खेळली, उन्हं कलल्यावर पाण्यात पाय सोडून बसली. मला ही बॅग एवढी आवडण्याचं खरं कारण हेच आहे.

बॅग बाहेरून फिकट राखाडी, आतून पांढरं अस्तर, मध्ये साधारण 1 सेंटीमीटर जाडीचा फोम. झाकणाला तीन बाजूंनी चेन आहे आणि झाकणातच हात जाईल एवढं छोटं तोंड आहे, वेलक्रोने बंद होणारं. दुकानात बघताना हे छोटं तोंड दिखाऊ वाटलं होतं. वापरताना कळलं की बॅगेतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. मुलांना दर थोड्या वेळाने पाणी हवं असतं. प्रत्येक वेळी अख्खं झाकण उघडलं तर गरम हवा आत घुसते. छोट्या तोंडातून बाटली काढली की बाकीचं थंड सामान निवांत राहतं.

पाकिटावर ‘24 तास थंड’ असं छापलंय. दिवसभर उन्हाळ्यात फिरताना तसं होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेतलं की बॅग नीट वापरता येते. किलोभर बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. बाहेर 35 अंश तापमान आणि आत 2-3 अंश असताना, एवढ्या आकाराच्या आणि एवढ्या फोमच्या बॅगेत अंदाजे 30 वॉटने उष्णता आत झिरपत असते. भागाकार करून पाहा : एक किलो बर्फ, साधारण तीन तास. दोन किलो घातला तर सहा. मी फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आत टाकून ठेवते, आणि तोही हेच सांगतो. दोन किलो बर्फ घालून सकाळी आठला बंद केलेली बॅग दुपारी दोनच्या सुमाराला 5 अंशांच्या आसपास असते. बर्फ संपला की मात्र काटा भराभर चढायला लागतो.

हा हिशेब आधी सामान थंड केलेलं असेल तरचा. फ्रीजबाहेरची, 25 अंशांवरची लिटरभर पाण्याची बाटली 5 अंशांवर आणायला पाव किलो बर्फ खर्ची पडतो. अशा चार बाटल्या भरल्या की एक किलो बर्फ, म्हणजे तुमचे तीन तास, घरातून निघतानाच गेले. म्हणून आत जायचं ते सगळं आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये जातं. बॅग थंडावा धरून ठेवते, गरम वस्तू थंड करायचं काम तिच्यावर टाकू नये.

बर्फासाठी महागडे जेल पॅक लागतात असं मला वाटत नाही. साध्या पाण्याचा बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याहून चांगली कामगिरी करणारा पदार्थ घरगुती वापरात सापडणं कठीण. मी प्लॅस्टिकच्या बाटल्या पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवते. बाटली काठोकाठ भरत नाही, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि बाटली तडकू शकते. दुपारी त्याच बाटल्यांचं गार पाणी प्यायला मिळतं, त्यामुळे बर्फाचं वजन वाया जात नाही. थंड हवा जड असते, खाली बसते, म्हणून गोठलेल्या बाटल्या मी सामानाच्या वर ठेवते. उरलेल्या फटीत जुना टॉवेल कोंबते. फटीतली मोकळी हवा झाकण उघडलं की लगेच बदलते, टॉवेल जागचा हलत नाही.

इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मधुमेही माणूस घरात असलेले बरेच जण हे वाचत असतील. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, पण ते गोठता कामा नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. फ्रीझरमधून नुकत्या काढलेल्या बाटलीचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, तिला चिकटून इन्सुलिन ठेवणं धोक्याचं. आईचं इन्सुलिनचं पेन मी छोट्या डब्यात ठेवते, डब्याभोवती नॅपकिन गुंडाळते आणि डबा बर्फापासून लांब, तळाशी कोपऱ्यात ठेवते. शेजारी थर्मामीटर. झाकणातल्या छोट्या तोंडातून तो वाचता येतो.

खाण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या कृषी विभागाचा नियम मला सोपा वाटतो : नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. चिरलेली फळं आणि दुधाचे पदार्थ याच यादीतले. म्हणून थर्मामीटरचा काटा वर जायला लागला की जे उरलंय ते आम्ही लगेच संपवून टाकतो. संध्याकाळसाठी राखून ठेवत नाही.

गाडीने जाणार असाल तर बॅग डिकीत टाकू नका. उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा 20 अंशांहून जास्त वाढू शकतं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. गाडी लावून फिरायला गेलात की बॅग बरोबर घ्या. प्रवासात मी ती मागच्या सीटखाली, पायाशी ठेवते आणि वर पांढरी चादर टाकते.

आता उणिवा. आतलं अस्तर चारही कोपऱ्यांत शिवलेलं आहे, जोड वितळवून एकजीव केलेले नाहीत. त्यामुळे सुटा बर्फ घातला की शिवणीतून पाणी पाझरतं आणि फोम ओला राहतो. गोठलेल्या बाटल्या वापरल्या तर ही अडचण येत नाही, पण विकत घेताना अस्तरावरून बोट फिरवून पाहाच. टाके लागले तर ती बॅग सुट्या बर्फाची नाही. दुसरी तक्रार पट्ट्याची. भरलेली बॅग 8 किलोच्या आसपास जाते, आणि पट्टा जेमतेम तीन बोटं रुंद, त्यात गादी नाही. दहा मिनिटांत खांद्याला वळ उठतो. चालायचं अंतर जास्त असेल तर आम्ही दोघं दोन्ही बाजूंचे बंद धरून नेतो. कंपनीने फोम आहे तेवढाच ठेवून पट्टा रुंद केला, तर मी आणखी एक घेईन. चेनही कोपऱ्यात अडखळते. तिथे मेणबत्ती घासली की सरकते, पण नव्या बॅगेला हे करावं लागू नये.

घरी आल्यावर बॅग पुसायची, पाण्यात खायचा सोडा कालवून आतून एक हात फिरवायचा आणि झाकण सताड उघडं ठेवून रात्रभर वाळवायची. ओली असताना चेन लावली तर दोन दिवसांत कुबट वास धरते आणि तो सहजी जात नाही.

मापाचं विचाराल तर चार-पाच माणसांना 16 लिटर पुरतात. दोघंच असाल तर 8 लिटरची घ्यावीशी वाटेल, पण लहान बॅगेत आतल्या जागेच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. तेवढ्याच जाडीच्या फोममध्ये अर्ध्या सामानाला अर्ध्याहून जास्त बर्फ लागतो. त्यापेक्षा 10-12 लिटरची, जाड फोमची शोधा. 20 च्या पुढच्या बॅगा एकट्याने उचलायच्या नाहीत, त्या गाडीतून उतरून लगेच बसायचं असेल तरच घ्याव्यात.