साठीनंतर पायांतली ताकद: चालणं, ताकदीचा व्यायाम की पावडरचा डबा?

अप्पांना बाजेवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला की लातूर-बीडकडच्या घरांत दोनच सल्ले मिळतात: रोज चाला, नाहीतर मेडिकलवरून प्रथिनांची पावडर आणा. त्याआधी एक मोजमाप करा. गुडघ्याएवढ्या उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उठा-बसायला सांगा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019च्या निकषांनुसार सार्कोपेनियाची, म्हणजे वयानुसार स्नायू झिजण्याची, शंका घ्यावी.

चालणं साखर, रक्तदाब आणि हृदयासाठी उत्तमच. ते सोडू नका. पण झटकन उठवणारे, तोल जाताना सावरणारे जलद स्नायुतंतू वयानुसार सर्वांत जास्त घटतात, आणि सपाट रस्त्यावर चालताना त्यांच्यावर पुरेसा भार येत नाही. शेतातल्या कामाचंही तेच. खुरपणीत तासन् तास कंबर वाकते, पण भार टप्प्याटप्प्याने वाढत नाही.

ताकदीचा व्यायाम इथे सरळ पुढे आहे. बॉस्टनच्या वृद्धनिवासातल्या 100 जणांवरचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय 87. दहा आठवड्यांच्या भारयुक्त व्यायामाने पायांची ताकद दुपटीहून वाढली. नुसतं पोषणपेय घेणाऱ्यांचा अशक्तपणा मात्र हटला नाही. पावडरवर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

घरी सुरुवात त्याच खुर्चीपासून करा: 8 ते 12 वेळा उठा-बस, असे दोन-तीन फेरे, एक दिवस आड. बसताना तीन सेकंद घ्या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो. उठताना श्वास सोडा, कारण दम कोंडला की रक्तदाब चढतो. गुडघे आत वळू देऊ नका. 12 वेळा सहज जमलं की छातीशी पाण्याची एक लिटरची बाटली धरा, पुढे दोन. बहुतेकांची प्रगती इथेच अडते: महिनोन् महिने भार तोच राहतो.

आहाराशिवाय मात्र स्नायू बांधला जात नाही. रोज दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. तीन ज्वारीच्या भाकरींतून सुमारे 15 ते 18 ग्रॅम येतात, पण ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक आवश्यक घटक, कमी. ते डाळ भरून काढते. 30 ग्रॅम सोया वडीत साधारण 15, तेवढ्याच शेंगदाण्यांत 7, पाव लिटर दुधात 8, एका अंड्यात 6. दात नसल्याने किंवा भूक मेल्याने एवढं जात नसेल तरच पावडर घ्या, आणि डब्यावर 100 ग्रॅममागे प्रथिने किती, साखर किती, हे वाचून.

गुडघे झिजलेले असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मांडीचे स्नायू दोन दिवस दुखले तर चालतं. सांध्याला सूज आली तर भार कमी करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवा. अचानक एकाच बाजूची ताकद गेली तर मात्र वेळ न दवडता थेट दवाखाना गाठा.