कोर्ग मिनिलॉग: ऑसिलेटरसाठी घ्यावा असा सिंथ

2016 साली आलेल्या या चार व्हॉइसच्या (एका वेळी चार सूर वाजवणाऱ्या) ॲनालॉग सिंथमध्ये, म्हणजे सिंथेसायझरमध्ये, प्रत्येक व्हॉइसला दोन व्हीसीओ (व्होल्टेजवर चालणारे, मूळ आवाज तयार करणारे ऑसिलेटर) आहेत. वेव्ह तीनच: सॉ, ट्रँगल, स्क्वेअर. खरी गंमत शेप नॉबमध्ये. स्क्वेअरवर तो पल्सची रुंदी, म्हणजे एका फेरीत लहर किती वेळ वर राहते ते, बदलतो. मूळ स्क्वेअरमध्ये फक्त विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या विषम पटीतले वरचे सूर) असतात, म्हणून आवाज पोकळ, क्लॅरिनेटसारखा. पल्स 25 टक्क्यांवर आणली की सम हार्मोनिकही येतात, फक्त दर चौथा गायब होतो आणि आवाज नाकातून आल्यासारखा होतो. छोट्या पडद्यावर लहरीचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप असल्यामुळे हा बदल डोळ्यांनी दिसतो. शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही.

जाड पॅडसाठी (मागे लांब धरून ठेवायचा आवाज) दोन्ही सॉ घ्या, दुसरा व्हीसीओ 8 सेंट वर चढवा (एक सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). 440 हर्ट्झला सेकंदाला साधारण दोन हेलकावे (आवाजाचे चढउतार) मिळतात. एक सप्तक वर तेच चार होतात, त्यामुळे बेसला छान वाटणारं डिट्यूनिंग वरच्या सुरांत थरथरतं. हेलकावे अजिबातच येत नसतील तर सिंक चालू राहिलाय का ते आधी बघा. सिंकमध्ये पहिला व्हीसीओ प्रत्येक फेरीला दुसऱ्याला शून्यावर आणतो, त्यामुळे दुसऱ्याचा पिच नॉब फिरवला तरी सूर हलत नाही, फक्त रंग बदलतो. (नॉब बिघडला असं समजू नका.)

चिरत जाणारा लीड (पुढे वाजणाऱ्या मुख्य धूनचा आवाज) हवा असेल तर दुसरा व्हीसीओ सॉवर, मिक्सरमध्ये पहिला शून्य, सिंक चालू, पिच ईजी इंट (ईजी, म्हणजे एन्व्हलप, सूर किती हलवतो ते) बराच वर. ईजीचा अटॅक (चढायला लागणारा वेळ) आणि सस्टेन (की धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य, डिके (उतरायला लागणारा वेळ) मध्यावर. क्रॉस मॉड (पहिला व्हीसीओ दुसऱ्याचा सूर हलवतो तो) मात्र जपून. थोडा दिला तर घंटेसारखा धातूचा नाद येतो, जास्त झाला की सूर सुटतो आणि कॉर्ड वाजवण्यात अर्थ राहत नाही.

उणिवा आहेतच. एलएफओ (आवाजातल्या गोष्टी आपोआप हलवणारा संथ ऑसिलेटर) एकच, तोही एका वेळी एकाच ठिकाणी लागतो: शेप हलवला की व्हायब्रेटो विसरा. कीज बारीक आहेत. खोलीचं तापमान बदललं की व्हीसीओ थोडे सरकतात. सिंथ गरम होऊ द्या, मग ऑटो ट्यूनिंग चालवा, थंड असताना चालवून उपयोग नाही. आऊटपुट मोनो आहे, रुंद आवाजासाठी बाहेरचा स्टिरिओ कोरस लागेलच.